पाटी नाही

मी लिफ्टवाला.
रुवी, दारसैत, वादी कबीर मिळून
एकशे बारा लिफ्ट माझ्या वहीत.
इमारतीचं तोंड मी क्वचितच पाहतो,
शिरतो मागच्या बोळातून,
जिथे एसीचं पाणी ठिबकून सिमेंटवर शेवाळ धरतं,
मस्कतमध्ये माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच हिरवं,
आणि कुणाची तरी फोडणी
पंख्यातून थेट माझ्या शर्टावर येते.

कुंजलवी असाच सापडला, टायरच्या दुकानामागे.
चार टेबलं. एकाच्या पायाखाली विटेचा तुकडा.
केळीच्या पानात बांधून भाजलेल्या तारल्या,
सातशे बैसा. भात पुन्हा मागितला की हसतो.
पानं विमानानं येतात म्हणाला,
आपल्यासारखीच,
फक्त त्यांना दोन वर्षांनी रजा नसते.

बी झुवेना सापडली
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये.
हमरियातली जुनी इमारत, जुलै, दुपारचे दोन.
पाऊण तास अडकली होती, परातीसकट.
दार फाकवलं तर आधी परात वर आली,
वेलचीच्या वासाचे, टम्म फुगलेले, तिकोनी मंदाझी,
मागून ती, घामानं निथळत,
आईच्या झांझिबारी भाषेत मला झाडत.
मग म्हणाली, खा.
म्हणजे, म्हणाली असावी. मी खाल्लं.
आता तिच्या खिडकीशी मी बोटं दाखवतो, तीन,
आणि ती चार टाकते.

पण मुकादम.
लाँड्रीच्या वरचा मजला, ना पाटी, ना दरपत्रक,
जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा वास, साबणाचा वास,
आणि त्यांच्या आडून, चोरासारखा, सुका जवळा.
मी जतचा. ज्वारीवर वाढलेला.
समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुत्रहचा,
तिसाव्या वर्षी, कंपनीच्या पिकअपमधून.
दारात घुटमळलो तर आतून आवाज,
"भायेर कशाला उभा? ये, बस."
त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही,
हात धुतलेस का, एवढंच विचारलं.
आठ महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
तांदळाची भाकरी, जवळा, आणि शेवटी
गूळ घातलेल्या नारळाच्या रसात
बुडून जड झालेली जाळीदार खापरोळी.
कोकण मी पाहिलं नव्हतं.
एका रात्रीच्या एसटीवर होतं, कधी जमलंच नाही.
ते मला वादी कबीरला मिळालं, दीड रियालात.

चूक माझीच. ऑफिसात बोललो.
शुक्रवारी देवस्थळी साहेब आले,
पुढच्या शुक्रवारी त्यांच्या बायकोच्या मैत्रिणी,
मग आठ गाड्या, ताटांचे फोटो,
जिन्यात रांग, लाँड्रीवाला वैतागलेला.
दोन महिन्यांत पाटी लागली,
हिरवी, लुकलुकणारी, कोकणातला ण चुकलेली.
मेनूला प्लॅस्टिक. पनीर आलं.
खापरोळी?
"फुडच्या शुक्रवारी."

रुसलो, खरं सांगतो. महिनाभर फिरकलो नाही.
मग त्याच इमारतीची लिफ्ट बिघडली.
मुकादम खाली आला, नवा शर्ट,
मुलीची नर्सिंगची फी भरल्याची पावती
मोबाइलवर दाखवली. थोड्या वेळानं पुन्हा दाखवली.
मी काय बोलणार?
ब्रेकचं लायनिंग गेलंय म्हणालो.

आज घालाला नवी इमारत मिळाली, एकशे तेरावी.
तपासणीचा कागद भरला:
दोर ठीक. दरवाजे ठीक. दिवा बदलला.
आणि शेरा म्हणून लिहून गेलो,
तळमजला, मागचं दार,
कुणीतरी कांदा परततंय, मंद आचेवर, बराच वेळ.
मग तेवढी ओळ खोडली,
गिरवून गिरवून, वाचता येऊ नये अशी,
आणि हात धुवायला नळ शोधू लागलो.